दुसऱ्या लॉटची लोकर

करंगळीला काहीतरी गुंतलं म्हणून सुषमानं खाली पाहिलं, तर केस. लोकरीवर पडलेला नव्हे, लोकरीत विणला गेलेला. पडलेला केस चिमटीत धरून झटकता येतो. हा एका टाक्यातून आत शिरत होता, शेजारच्या टाक्यातून बाहेर येत होता, पुन्हा आत. तिनं ओढला तर ताणला गेला, निघेना. पोटातून काहीतरी ढवळून वर आलं आणि तिनं ते गिळलं, कारण भोवती दहा-बारा बायका बसल्या होत्या आणि मधोमध स्टीलच्या ताटात खमण होतं. खमणावरची तेलात न्हालेली मोहरी, ताटाच्या काठाशी जमलेलं पिवळं पाणी, आणि त्याच ताटात बोटं घालून तीच बोटं न पुसता लोकरीला लावणाऱ्या या बायका. सुषमा त्या ताटातलं कधीच काही खात नसे. उपास आहे म्हणायची. वर्षभरात तिचे इतके मंगळवार झाले होते की कुंदनबेन तिला मोठी भाविक समजत होत्या.

हॉल सुरतेतल्या कतारगामात एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. दर मंगळवारी दुपारी तीनपासून पाचपर्यंत तिथं विणकाम चालायचं, आणि विणायचं ते सगळं दानाला: बाळांच्या टोप्या, पायमोजे, म्हाताऱ्या माणसांना पांघरुणं. मंडळ कुंदनबेनचं. त्यांच्या नवऱ्याचा हिऱ्यांचा कारखाना, आणि सुषमाचा मुलगा योगेंद्र त्या कारखान्यात हिरे घासायला होता. एका दिवाळीला शेठच्या घरी मिठाईचा डबा घ्यायला गेली असताना कुंदनबेननी विचारलं होतं, विणता येतं का. येत नव्हतं. सुषमा हो म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिला माहीत होतं. कोसाडच्या सरकारी आवासात ती छगनची बायको होती, योगेंद्रची आई होती, दुसऱ्या मजल्यावरची मराठण होती. इथं ती सुषमाबेन झाली. अमळनेरच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची मुलगी, शुद्ध बोलणारी, स्वच्छ राहणारी, आणि लग्न होऊन येऊन पडली ती रंगाच्या मिलमधल्या माणसाच्या एका खोलीत. त्या 'बेन'साठी ती दर मंगळवारी बस बदलून इथं यायची आणि त्यांच्या घामाच्या, अत्तराच्या, हिंगाच्या वासात दोन तास बसायची.

आज विणायचं नव्हतं, उसवायचं होतं. होळी झाली, थंडी संपली, आणि वृद्धाश्रमातून दोन पोती परत आली होती. जी म्हातारी माणसं गेली त्यांची पांघरुणं धुऊन परत पाठवतात म्हणे. कुंदनबेननी पोतं ओतलं तेव्हा फिनेलचा वास हॉलभर पसरला, आणि फिनेलच्या खाली दुसरा एक वास होता, जो फिनेलनं कधीच जात नाही. सुषमाला तो चांगला ओळखीचा होता. बाकीच्या बायका गप्पा मारत गठ्ठ्यात हात घालत होत्या. ही कसली माणसं, तिच्या मनात आलं, यांना नाक आहे की नुसती नथ घालायला जागा आहे. धड असलेली पांघरुणं पुढच्या हिवाळ्यासाठी बाजूला गेली आणि वेडीवाकडी उसवायला निघाली. वाटणीत सुषमाच्या मांडीवर एक पडलं. हिरवट निळ्या रामा रंगाचं, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला पसरलेलं. तिनं शेवटच्या गाठीचा शोध घ्यायला कडेवरून बोट फिरवलं, आणि केस लागला.

शेजारच्या बाईनं पांघरुणाचं रुंद टोक धरून वर उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. "आ कोणे गूंथ्युं छे? आ तो सूपडुं थई गयुं."

हॉल हसला. खरंच सुपासारखं दिसत होतं ते. नवशिक्या हातानं विणलं की असं होतं, मधूनच एखाद्या ओळीच्या शेवटी धागा नकळत सुईवरून जातो आणि एकेक टाका वाढत राहतो. एकशे वीस टाक्यांनी सुरू केलेलं एकशे त्रेचाळीसवर संपतं, आणि विणणारीला बराच वेळ पत्ता नसतो. एकशे वीस आणि एकशे त्रेचाळीस. हे आकडे सुषमाला मोजावे लागले नाहीत. तिनं पांघरूण उलटं केलं, अरुंद टोकापासून वीत-वीत वर सरकत गेली, आणि अर्ध्यावर पोचली तिथं रंग बदलला. एवढासा बदलला, रामाचा रामाच राहिला, पण खालचा निळ्याकडे झुकलेला आणि वरचा पिवळ्याकडे. सरळ रेघ. बाकी बायका हसत होत्या. "कोण जाणे कुणी विणलं," सुषमा म्हणाली, आणि तीही हसली. तिच्या स्वतःच्या कानांना ते हसू ऐकू आलं आणि खमणाच्या ताटापेक्षा त्याचीच तिला जास्त शिसारी आली.

कुंदनबेन म्हणाल्या, "सुषमाबेन, आ तमे घेर लई जाओ, उकेली नाखजो." घरी घेऊन जा, उसवून टाका. लोकर चांगली आहे, वाया कशाला घालवायची, पुढच्या मंगळवारी तिच्याच टोप्या सुरू करू. सुषमानं पांघरुणाची घडी केली. घडी करताना केस आतल्या बाजूला जाईल अशी केली. पण त्याआधी पाहून घेतलाच. मुळाकडे पांढरा, टोकाकडे मेंदीचा तांबडा, आणि मधे एक बोटभर कसलाच रंग नसलेला. वृद्धाश्रमातल्या कुठल्याही म्हातारीचा असू शकतो असं म्हणायलाही जागा नव्हती. पांघरून झोपणाऱ्याचा केस वर चिकटतो. टाक्याटाक्यांतून ओवला जातो तो विणताना जवळ असलेल्याचा. आणि ते विणलं जात असताना जवळ एकच माणूस होतं, दिवसरात्र, एका हाताच्या अंतरावर.

सुभद्राबाई नऊ महिने अंथरुणावर होत्या. छगनची आई. धडधाकट होत्या तेव्हाही सुषमाला त्यांचं काही सोसलं नव्हतं. मिसरी लावून काळे झालेले दात, तीच बोटं भाकरीला, खोकल्याचा डबा आणि त्यावर झाकण म्हणून ठेवलेली पाटी, आणि ती अहिराणी, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी. नवी सून असताना सुषमा डबा धुवायची तेव्हा मनात पाढे म्हणायची. मग खुब्याचं हाड मोडलं आणि म्हातारी खोलीच्या कोपऱ्यात कायमची पडली. एका खोलीत कोपरा म्हणजे किती लांब? स्वयंपाकाच्या ओट्यापासून चार पावलं. इकडे फोडणी, तिकडे ते. सुषमानं सगळं केलं, कुणी नाव ठेवू शकणार नाही असं केलं. पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, पावडर लावली, दिवसातून दोनदा कूस बदलली. पण श्वास रोखून केलं. मेडिकलमधून रबरी हातमोजे आणले होते, ते घालून केलं, आणि करताना तोंड एका बाजूला फिरवून ठेवलं. म्हातारी खालून त्या फिरवलेल्या तोंडाकडे बघत राहायची. डोळे मात्र निवळ होते शेवटपर्यंत, त्यांना सगळं दिसत होतं.

आणि छगन. या माणसाला किळस म्हणून येतच नाही, असं सुषमाचं लग्नापासूनचं मत होतं. पलसाण्याच्या हायवेवरच्या रंगाच्या मिलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. नखं कधी निळी, कधी राणी रंगाची, घाम पुसलेला रुमाल पिळला तर रंग निघेल. वाफेनं आणि औषधांनी नाकाचं काम कधीच संपलं होतं. आठ वर्षांत त्याला धड वास आला नव्हता. सुटीच्या दिवशी तो आईचं सगळं उघड्या हातांनी करायचा. करता करता गावच्या गप्पा मारायचा, भटूच्या म्हशीची, बोरी नदीच्या पुराची, आणि म्हातारी हसायची. मग हात धुऊन त्याच हातांनी भाकरी मोडायला बसायचा. सुषमा आपलं ताट उचलून दाराशी जाऊन जेवायची. याचं नाक मेलंय, याचं काय कौतुक, असं ती मनाशी म्हणायची. पण त्या हसण्याचा तिला राग यायचा हेही खरं होतं.

त्याच नऊ महिन्यांत ती विणायला शिकली. कोपऱ्यातून हाक आली की उठायचं, म्हणून अंथरुणाशेजारीच बसायचं. आधी नुसता चौकोन, मग तो उसवायचा, पुन्हा चौकोन. सुलटा टाका, उलटा टाका. एक टाका खाली सुटला की शिडीसारखा ओळीओळीनं उतरत जायचा आणि तिला धडकी भरायची. लोकर नावाची लोकर, मेंढीनं कधी पाहिली नव्हती, नखावर कुचकुचणारी, सुरतेच्या दमट हवेत बोटांना चिकटणारी. तरी त्या वासांच्या खोलीत तेवढी एकच गोष्ट कोरी होती. तिच्या हातातून वाढत होती आणि कशानंही बरबटलेली नव्हती. सुभद्राबाई पडल्या पडल्या हात लांब करून तिचं टोक चाचपून बघायच्या. सुषमा टोक अलगद काढून घ्यायची. पण सगळ्या वेळा कुठं लक्ष राहतं. वेणी सुटलेली असायची म्हातारीची, केस उशीवर, चादरीवर, सगळीकडे, आणि लोकरीचा गोळा घरंगळत तिच्या कुशीतून यायचा. पहिले गोळे संपले, कुंदनबेननी आणखी दिले, आणि दहा-बारा ओळी झाल्यावर छगन पाळीवरून आला, चपला काढता काढता थांबला.

"हाऊ दुसरा लॉट ना शे," तो म्हणाला.

काय म्हणजे? तर हा गोळा दुसऱ्या लॉटचा आहे. एका कढईत रंगलेला माल तो एक लॉट. दुसऱ्या दिवशी तीच पावडर, तेच माप, तोच माणूस, तरी रंग एक केसभर हलतोच, आणि दोन लॉट एका साडीत गेले की व्यापारी कापडाचा ताका तोंडावर फेकतो. सुषमाला काही दिसत नव्हतं. छगननं पांघरूण दाराच्या उजेडात नेलं आणि नखानं रेघ दाखवली. हा निळ्या अंगाचा, हा पिवळ्या अंगाचा. आंधळा झालो तरी हे ओळखेन, तो म्हणाला, आणि आईला दाखवायला गेला. म्हातारीनं रेघेकडे बघितलं नाही. ती रुंद होत चाललेल्या आकाराकडे बघत होती. "सूप व्हई ऱ्हायनं," ती म्हणाली, आणि मायलेक हसले. सुषमा हसली नव्हती. आज हॉलमध्ये मात्र हसली.

बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवली. पायाला पिशवी लागत होती, म्हणून पाय आखडून घेतले. पुढच्या सीटवर एक पोरगी चिप्स खात होती, पाकिटात बोटं घालून, मग बोटं चोखून, पुन्हा पाकिटात. सुषमानं खिडकीबाहेर पाहिलं. पूल आला, तापी दिसली, रुंद आणि गढूळ. आठवायचं नाही म्हटलं की माणसाला नेमकं तेच आठवतं. डिसेंबरची दुपार होती, उत्तरेकडून वारा सुटला होता, खिडकीची एक काच नव्हती तिथं पुठ्ठा लावला होता. पांघरूण पुरं झालं होतं. शेवटचे टाके बंद करून सुषमानं ते दोन्ही हातांवर पसरून धरलं होतं, आणि कोपऱ्यातून आवाज आला. नेहमीचा खणखणीत नव्हे.

"माले दे ना व ते. थंडी वाजस."

एकदाच मागितलं तिनं. नऊ महिन्यांत तिनं मागितलेली ती एकच वस्तू. आणि सुषमाच्या डोळ्यांपुढं काय आलं? म्हातारीची थंडी नव्हे. डोळ्यांपुढं आलं, ते पांघरूण उद्या सकाळपर्यंत कसं झालेलं असेल. कुठं कुठं ओलं. आणि मंगळवारी हॉलमध्ये बाकीच्या बायका आपापली पांघरुणं उलगडतील तेव्हा आपले हात रिकामे. "ते गरिबांसाठी आहे," ती म्हणाली. दानाचं आहे, त्याला आपण हात लावू नये. वर हेही म्हणाली. म्हातारीनं छताकडे पाहिलं.

"मंग आपन कोन शेतस?"

मग आपण कोण आहोत, हे काही टोमण्यानं विचारलं नव्हतं, तेच तर वाईट. खरंच विचारलं होतं, जसं कुणी पत्ता विचारतं. सुषमानं कपाट उघडलं. मिलच्या दोन जुन्या चादरी एकावर एक घातल्या तिच्या अंगावर, चारी बाजूंनी खोचल्या, आणि संध्याकाळी पांघरूण तीन पाण्यातून काढलं. कशासाठी? म्हाताऱ्या बोटांचा नुसता स्पर्श झाला होता म्हणून. मंगळवारी ते दिलं. कुंदनबेननी आकार पाहून काही न बोलता घडी घातली, फोटो निघाला, फोटोत सुषमाबेन दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या. त्यानंतर आठवड्यानं एका पहाटे छगन दिवसपाळीला निघताना आईच्या कपाळाला हात लावून म्हणाला, माय कुडकुडते आहे, तुझं ते पांघरूण घाल तिच्या अंगावर. सुषमा म्हणाली, हं. कपाटात आहे असंच तो समजत होता. हं म्हणून ती ओट्याकडे वळली. दुपारी बाराच्या सुमाराला कोपऱ्यातला घशातला आवाज थांबला.

डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठला होता, वय झालं होतं. ते ठीकच. छगन मिलमधून आला तेव्हा आईला खाली घेतलेलं होतं, पांढऱ्या कापडात. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत जांभळ्या होत्या. तो तिच्या पायांशी बसला आणि त्यानं पहिलं हेच विचारलं, पांघरूण घातलं होतं ना? सुषमाच्या तोंडून इतकं सहज आलं की जणू कुणी आधीच जिभेवर ठेवलं होतं. घातलं होतं. त्यातच गेल्या. अंथरुणाबरोबर देऊन टाकलं. गेलेल्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, बायकांनी गाठोडं बांधून स्मशानाकडे पाठवलंच होतं, तेव्हा विचारणार कोण. छगन रडला, पण निवांतपणे रडला. आणि बाराव्याला, अमळनेरहून आलेल्या भाऊबंदांसमोर, त्यानं शय्यादान केलं, बाजारातली नवी गादी, नवी उशी, आणि सगळ्यांना सांगितलं की हे सगळं विकतचं आहे, माझ्या बायकोनं मात्र मायला हातानं विणून पांघरूण घातलं, माय उबेत गेली. चुलतसासू वाकून सुषमाच्या पाया पडल्या. वयानं मोठी बाई. सुषमानं पाय मागे घेतले नाहीत. त्या दिवशी तिला दोन घास गेले नव्हते, आणि लोकांना वाटलं, सासूवर किती जीव.

कोसाडला ती एक थांबा आधी उतरली. खाडी तिथून जाते. काळं पाणी, वर फेस, प्लास्टिक, कुजलेली फुलं. टाकून द्यावं. पिशवीसकट. कुंदनबेनना सांगता येईल, उंदरांनी कुरतडलं. कठड्याशी जाऊन ती उभी राहिली. खालून जो वास आला त्यानं डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काठावरच्या चिखलात डुकरं लोळत होती आणि एकाच्या पाठीला कसलंसं लाल कापड चिकटलं होतं. तिथं ते पांघरूण पडलेलं तिला दिसलं, पुरं भिजून जड झालेलं, डुकराच्या तोंडात. आणि त्यात तो केस. नाही टाकवलं. दया म्हणून नव्हे, घाण वाटली म्हणून. आयुष्यभर घाण वाटत आली आणि आजही तीच आडवी आली, याचंही तिला हसू आलं असतं, पण हसू दुपारीच संपलं होतं.

छगनची या पंधरवड्यात रात्रपाळी होती. ती घरात शिरली तेव्हा तो झोपून उठला होता, चहाची वाट बघत दारात बसला होता. तो झोपलेला असेल, आपण ओट्यामागे बसून तासाभरात उसवून टाकू, गोळा झाला की लोकर ती लोकर, हे तिनं जिन्यात ठरवलेलं सगळं तिथंच राहिलं. तिनं पिशवी ओट्याखाली सरकवली. पण पिशवी भरलेली होती आणि तो बघत होता.

"काय आनं व?"

"मंडळाचं जुनं काहीतरी. उसवायला दिलंय."

"एकली काय उसवशी. आन, मी हात धरस," तो म्हणाला. त्याला हे काम आवडायचं. गेल्या वर्षी तिचे फसलेले चौकोन उसवताना तो असाच समोर बसायचा, दोन्ही हात पुढं करून, आणि ती त्याच्या हातांभोवती लोकर गुंडाळून लडी करायची. नको म्हणायला कारण हवं होतं. तिला सापडलं नाही. तिनं चहा केला, चहा होईपर्यंत बाहेर उजेड कमी झाला, ते तिला बरं वाटलं. दिवा लावला नाही. पांघरूण बाहेर न काढता पिशवीतच ठेवलं, शेवटची गाठ शोधून सोडली, आणि पिशवीच्या तोंडातून नुसता धागा ओढायला लागली. रुंद टोकाकडून. पिवळ्या अंगाचा लॉट. टर्र टर्र करत टाके सुटत होते, वेडावाकडा, कुरळलेला धागा छगनच्या मनगटांभोवती बसत होता. तो बोलत होता. मिलमध्ये पांडुरंगाची जागा बदलली, नवी कढई आली. ती हं हं म्हणत होती आणि भराभर ओढत होती. कितव्या ओळीत रेघ आहे ते तिला ठाऊक होतं, आणि रेघ आली तरी अंधार आहे, रंग दिसायचा नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

आधी केस आला. धाग्याबरोबर निघाला आणि छगनच्या अंगठ्यावर आडवा पडला. त्यानं मान वाकवून पाहिलं.

"तुना केस पिकना व."

"हो," सुषमा म्हणाली. "माझाच." म्हातारीचा केस आपला म्हणून घेताना तिच्या अंगावर काटा आला, आणि तिनं पुढची ओळ ओढली. आणखी एक. मग जिन्यातला दिवा कुणीतरी लावला. उघड्या दारातून पिवळा पट्टा आत आला आणि थेट त्याच्या हातांवर पडला.

छगन बोलता बोलता थांबला. लडीवर नुकतेच चढलेले पाच-सहा फेरे तो बघत होता. त्यानं हात जरा दाराकडे वळवले, पूर्वी वळवले होते तसेच.

"लॉट बदलना," तो म्हणाला.

सुषमा ओढत राहिली. थांबली असती तर थांबल्याचं दिसलं असतं. पिशवी हलत होती. त्यानं पाय लांब करून अंगठ्यानं पिशवीचं तोंड उघडलं, आणि उरलेलं पांघरूण बाहेर आलं, अरुंद टोकाकडचं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गेला. मग त्यानं विचारलं, आवाज न चढवता:

"मायले थंडी वाजे का व?"

हा प्रश्न तिनं तीन महिने मनात शंभर तऱ्हेनं ऐकला होता, आणि शंभर उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"वाजायची. मागितलं होतं त्यांनी. मी दिलं नाही."

"मंग आंगवर काय व्हतं?"

"मिलच्या चादरी. दोन."

दोन हे तिनं का सांगितलं, कुणास ठाऊक. छगनचे डोळे भरले आणि वाहायला लागले, नाक वाहायला लागलं, आणि त्याला पुसता येईना, कारण दोन्ही हात लोकरीत गुंतलेले होते. ते ओठांवरून हनुवटीपर्यंत आलं. सुषमानं बघितलं, आणि पहिल्यांदा तिला काहीच झालं नाही. पोट ढवळलं नाही, श्वास रोखावा लागला नाही. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि त्याचं नाक पुसायला हात पुढं केला.

त्यानं तोंड फिरवलं.

रागानं नव्हे. राग तिला चालला असता. ओठ एका बाजूला ओढलेले, नाकपुड्या आवळलेल्या, श्वास रोखलेला, जणू काहीतरी जवळ आलंय आणि ते लागू द्यायचं नाही. ते तोंड त्याचं नव्हतं. नऊ महिने रोज दोनदा त्या कोपऱ्यात वाकून तिनं धरलेलं ते तोंड होतं, आणि खालून ते कसं दिसत असेल हे तिला आज समजलं. पदराचं टोक तिच्या हातात तसंच राहिलं.

"वढ," छगन भिंतीकडे बघत म्हणाला. "अर्धंच उरनं शे."

त्यानं हात तसेच पुढं धरले होते. सुषमानं धागा हातात घेतला आणि निळ्या अंगाची लोकर ओढायला लागली.